रेडिएटरमधली हळद

आधी आक्का. गाडी, पंप, ती चार मुलं, सगळं त्यांच्या नंतर. आक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. धायरीत त्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली होती, तिच्यात मी तेव्हा नऊ वर्षं राहत होतो. नातं काही नव्हतं. सगळी आळी त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्या रविवारी त्या ओसरीवरून उठून आल्या नसत्या तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. स्वभावच तसा आहे. होऊन गेलेल्या गोष्टीचीही मला काळजी वाटते.

मी वसमतकडचा. आमच्याकडं होळीच्या आसपास हळद काढतात, मोठ्या कढईत शिजवतात, उन्हात वाळत घालतात. शाळेच्या परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत. सातवीच्या वर्षी मी आईबरोबर हळद शिजवायच्या कामावर गेलो आणि परीक्षेला बसायचं राहिलं. जा असं कुणी म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही नाही. पुढच्या वर्षी बसू, असं मीच मला सांगितलं. पुढच्या वर्षी हळद जास्त होती.

पुण्यात आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. हॉटेलात कपबशा विसळल्या, ट्रकवर क्लीनर झालो, मग गाडी शिकलो. ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य थांबण्यात जातं. थांबून थांबून मी पेपर वाचले, भेळेच्या पुड्यांचे कागद वाचले, मागच्या सीटवर विसरून राहिलेली मुलांची पुस्तकं वाचली. तेवढ्या शिदोरीवर हे लिहितोय.

पुढं स्वतःची गाडी झाली. जुनी, पूर्वी टॅक्सी म्हणून पळलेली. वरून पांढरा रंग मारला होता, पण दार उघडलं की आतल्या कडेला अजून पिवळा दिसायचा. शाळेची मुलं ने-आण करायचो. त्या वर्षी दहावीची चार मुलं होती, सगळी सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमधली. रोजची शाळा जवळच होती, पण परीक्षेचं केंद्र आलं होतं पार शहरात, पेठेत. सोमवारी पहिला पेपर, मराठीचा. अकराचा पेपर, साडेदहाला वर्गात. मुलांना किती धास्ती होती ते मला माहीत नाही. मला आठवडाभर झोप नव्हती.

कारण जानेवारीत गाडी दोनदा बंद पडली होती. दुसऱ्या वेळी पहिल्या थांब्यावरच्या मुलीची आई खाली येऊन उभी राहिली होती. बाई शहरात वाढलेल्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. "असं करा," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी गाडी बंद पडणार असेल तर आम्हांला आदल्या दिवशी कळवत चला. म्हणजे आपलीही धावपळ वाचेल." मी "हो मॅडम, नक्की" म्हणालो. तो टोमणा होता हे मला घरी येऊन चहा पिताना कळलं.

फेब्रुवारीत गाडी उभी असली की खाली पाण्याचे थेंब दिसायला लागले. रेडिएटर गळतोय असं मी ठरवून टाकलं. ठरवलं अशासाठी, की रेडिएटरच्या गळतीवरचा उपाय मला ठाऊक होता. स्वारगेटला उभं असताना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितला होता: पाण्यात मूठभर हळद टाकायची, बारीक भोक असलं तर ती तिथं जाऊन बसते आणि गळती थांबते. उपाय खोटा नव्हता. पण तो म्हणाला होता एकदा, आणि मूठभर. मी रोज टाकत गेलो. एका मुठीनं माझी काळजी मिटत नव्हती.

ती हळद मी आक्कांकडून आणायचो. दुकानातून आणता आली असती, पण मी निघायचो त्या वेळी दुकान उघडलेलं नसायचं आणि आक्कांची चूल पेटलेली असायची. ज्या मुलखात घराघरांत हळदीची पोती पडलेली असतात तिथला मी, गाडीत ओतायला हळद द्या म्हणायची लाज वाटली. म्हणून पहिल्या दिवशी सांगितलं, "आक्का, घसा बसलाय. दुधात घ्यायला जरा हळद देता का?" त्यांनी दिली. तिसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच पेलाभर हळदीचं दूध घेऊन दारात यायला लागल्या आणि संध्याकाळसाठी म्हणून वेगळी पुडी कागदात बांधून द्यायला लागल्या. दूध मी प्यायचो, पुडी रेडिएटरात जायची. घसा माझा ठणठणीत होता. तीन आठवडे हे चाललं.

शनिवारी दुपारी मुलांना क्लासवरून घरी सोडून परत येताना वडगावपाशी टेंपरेचरचा काटा लालच्या वर गेला. पुढून वाफ आणि कोंबडीचा गळा दाबल्यासारखा आवाज. तिथल्या एका गॅरेजात गाडी ढकलत नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पंखा हातानं हलवला. तो सैल दातासारखा हलला.

"वॉटर पंप गेलाय. बेअरिंग संपलं. पाणी पण हितनंच गळतंय."

"रेडिएटर नाही?"

"रेडिएटरचा काय संबंध? पंप बदला. बुधवारी सोडून जा गाडी."

"सोमवारी पेपर आहे हो."

मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा?"

गाडी गार होऊ दिली आणि दर अर्ध्या मैलाला पाणी ओतत ओतत धायरीला आणली. मग बसनं नाना पेठेत गेलो आणि दुकानं बंद व्हायच्या आत नवा पंप घेतला. येताना बसमध्ये तो खोका मांडीवर धरून बसलो होतो. क्लीनर असताना पंप बसवलेला बघितला होता, हातानं कधी बसवला नव्हता. पाने उधार मागून आणले.

रविवारी उजाडायच्या सुमाराला सुरुवात केली. सगळ्यात आधी रेडिएटरखालची तोटी सोडून पाणी काढलं. ते पाणी पिवळंजर्द निघालं, आमटीसारखं. गोठ्याच्या मोरीत ते वाहून जाईपर्यंत मी इकडंतिकडं बघत होतो. मग दोन घमेली साधं पाणी ओतून मोरी धुतली, पिवळी झालेली चिंधी सीटखाली कोंबली आणि पुढच्या कामाला लागलो. पट्टा काढला, पंखा काढला, पाइप सोडले. पंप इंजिनाला पाच बोल्टांनी बसवलेला होता. चार निघाले. ते मी ताटलीत टाकले. पाचवा हलेना.

नऊ वाजले. मी त्या बोल्टावर लोंबकळत होतो. तो तुटला तर सगळंच संपलं, एवढं मला समजत होतं. थोडा थांबायचो, पुन्हा पाना लावायचो.

आक्का ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे मालक सकाळीच कुठल्याशा लग्नाला गेले होते. त्या बराच वेळ बघत असणार.

"काय रं, त्याच्यासंगं कुस्ती खेळतुयास का?"

"निघत नाही आक्का."

त्या लसणाचं सूप बाजूला ठेवून आल्या. पदर खोचला आणि इंजिनावर वाकल्या. त्यांना गाडीतलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"मालक धा वरसं शहरात दूध घालाया जायाचे. पहाटं जायाचे ते दुपारच्याला यायाचे. हिरीवर इंजान हुतं, डिझेलचं. ते काय माझी सासू चालू करीत हुती?" त्यांनी बोल्टाच्या डोक्यावर बोट फिरवलं. "राकेल सोड ह्याच्यावर. आन् निस्तं सोडाया बघू नकोस. आदी आवळ."

"आवळू? अजून?"

"वाईच आवळ. गंज मोडला की मग सोड. रुसलेल्या माणसाला एकदम वढून आणत न्हाईत."

रॉकेल सोडलं, थोडं थांबलो, हातोडीनं डोक्यावर दोन-तीनदा हलकं ठोकलं. मग केसभर आवळला. कटकन आवाज आला. वाटलं, तुटला. पण तो गंज मोडल्याचा आवाज होता. बोल्ट सुटला.

पंप हातात आला आणि आतून हळदीचा लगदा गळाला. मी पटकन पाठ फिरवून तो दुसऱ्या चिंधीनं पुसला. आक्का तोवर माझ्या ताटलीकडं बघत होत्या.

"ह्यो कुठला, ह्यो कुठला?"

"काय?"

"बोल्ट रं. कुठल्या भोकातला कुठला?"

मी बघितलं. दोन लांब होते, तीन आखूड, आणि आखूडांतही एक किंचित मोठा. मी सगळे एका ताटलीत टाकले होते. सातवी नापासही नाही, सातवीला न बसलेला माणूस. कानशिलं गरम झाली.

"लांबडा आखूड भोकात घातलास तर बूड टेकंल आन् पंप मोकळाच ऱ्हाईल. तू आपला आवळत बसशील, आन् मोडंल." आक्का बोलता बोलता खराट्याकडं गेल्या, त्यातल्या पाच काड्या उपसून आणल्या. एकेक काडी एकेका भोकात घातली, टेकली की नखानं खूण करून तिथं मोडली. मग पंपाची जाडी धरून काडी आणि बोल्ट शेजारीशेजारी लावून बघितले. पाचही बोल्टांना आपापली जागा सापडली. काड्या त्यांनी त्या त्या बोल्टाला दोऱ्यानं बांधून ठेवल्या. इतकी वर्षं झाली, मी अजून कुठलंही झाकण उघडलं की आधी काड्या शोधतो.

पंपाचं पॅकिंग, म्हणजे पंप आणि इंजिन यांच्या मधे बसतो तो जाड कागद, खोक्यातून काढलं तर ते दुमडून मधोमध चिरलं होतं. बसमध्ये खोका इतका घट्ट धरून बसलो होतो की माझ्याच हातानं ते चिरलं असावं. रविवार. नाना पेठ बंद. मी गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो.

"आता काय झालं?"

मी पॅकिंग दाखवलं.

आक्का घरात गेल्या आणि लग्नपत्रिकांची चवड घेऊन आल्या. गावातलं जुनं घर, भावकी मोठी, सीझनला तीस-चाळीस पत्रिका यायच्या. त्या माझ्यापुढं टाकून म्हणाल्या, "वाच. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. लगीन झाल्याली काढ."

"कुठलीही चालेल की आक्का. जाड बघू."

"असं कसं? ज्यांचं लगीन व्हायाचंय त्यांची पत्रिका फाडायची? बरं दिसतं का?"

मग मी एकेक पत्रिका वाचायला लागलो. तिथी आणि वार सांगायचो, त्या बोटं मोडून "हां, झालं" किंवा "ऱ्हाऊ दे ती" म्हणायच्या. आठवी-नववी पत्रिका जाड निघाली आणि लग्नही गेल्या महिन्यात लागून गेलेलं. तिच्यावरचं गणपतीचं चित्र आक्कांनी कात्रीनं कापून घेतलं आणि देवघरात ठेवून आल्या. देवाला इंजिनात घालायचं नाही. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं होती. तिथं अंगठा घासून त्या म्हणाल्या, "हळद हाय हिला. इंजानाला हळद चालती का रं?"

मी खाली बघत "काय माहीत" म्हणालो.

पत्रिका पंपाच्या तोंडावर धरली आणि कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके देत गेलो. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, भोकं आपोआप पडतात. ही युक्ती आक्कांची. मग तो तुकडा ऑइलमध्ये भिजवला. वधूच्या मामांची नावं ऑइलमध्ये काळी होत गेली. पंप बसवला, बोल्ट काड्यांप्रमाणे लावले, समोरासमोरचे थोडेथोडे आवळत आणले. बारा वाजले होते. आक्कांनी भाकरी आणि लसणाची चटणी बाहेरच आणून दिली. काळ्या हातांनी खाल्ली. पाठ इतकी दुखत होती की घास गिळताना ओणवं व्हावं लागत होतं.

तेवढ्यात आक्कांच्या घरातला फोन वाजला. माझ्यासाठीच होता. मॅडम.

"उद्या साडेनऊला ना?"

"हो मॅडम."

"गाडी ठीक आहे?"

"एकदम ठीक."

"वा. इतक्या आत्मविश्वासानं आपण प्रथमच बोललात." फोन ठेवला.

आक्का दारात उभ्या होत्या. "ठीक हाय व्हय गाडी? बॉनेट उघडं, पंखा भुईवर."

"होईल ना आता."

"व्हईल तवा सांगायचं हुतं. त्यांच्या पोरीचा पेपर हाय. तुझी न्हाई व्हणार असं कळलं तर ते दुसरं काय तरी बघतील. तू न्हाई सांगितलंस तर ते तुझ्याच वाटंकडं डोळं लावून बसतील." थोडं थांबून म्हणाल्या, "पाच वाजेस्तवर बघू. न्हाई जमलं तर फोन करून खरं सांगायचं. मी हितं हुबी ऱ्हाणार."

पंखा, पट्टा, पाइप, सगळं लावायला साडेचार वाजले. पाणी भरलं. चावी फिरवली. इंजिन लागलं, कोंबडीचा आवाज नाही, खाली थेंब नाही. मी हसलो असेन. कालव्यापर्यंत चक्कर मारून येतो म्हणून निघालो. कालवा दिसायच्या आत काटा उठला. सावकाश, एखादा म्हातारा जिना चढतो तसा तो वर गेला आणि लालला टेकला.

उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली, धक्के खात परत आणली. अंगणात येऊन बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मला रडूही येत नव्हतं. माणूस फार दमला की रडायलाही ताकद लागते हे कळतं.

आक्कांनी बॉनेट उघडायला लावलं. पदराचा बोळा करून वरच्या पाइपाला हात लावला, मग खालच्या. "वरचा भाजतोय. खालचा गार हाय. पाणी जाळीतनं खाली उतरतच न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जाळी धुतली हुतीस का?"

"कुठली?"

"हळद टाकलीस ती ज्याच्यात गेली ती."

मी चिंधीनं हात पुसायला लागलो.

"सकाळी शेण काढाया गेले तवा मोरीचं दगड पिवळं बघितलं. म्हनलं, कोणाची हळद लागली हितं? मला वाटलं, तू जाळी धुऊन काढली असशील आन् मग पंपाला हात घातला असशील. सांगशील, सांगशील म्हणून गप ऱ्हायले."

पत्रिकेच्या वेळी त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आणि मी तिथून आत गेलो नव्हतो. सकाळी सांगितलं असतं तर दुपारीच रेडिएटर बाहेर काढून धुतला असता. अर्धा दिवस मी माझ्या लाजेत घालवला होता.

"आक्का, घसा बसला नव्हता माझा."

"ते कळलं मला."

"स्वारगेटला एक जण म्हणाला, हळद टाकली की..."

"आन् मी म्हशीचं पयलं दूध तुझ्यासाठी काढून ठिवत हुते. डेरीला कमी घालून." त्या रागावल्या नव्हत्या. नुसत्या दमल्यासारख्या वाटल्या, आणि ते मला जास्त लागलं. मग घड्याळाकडं बोट केलं. "पाच वाजलं. फोन कर."

फोन लावला. आक्का खरंच शेजारी उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी दुपारी खोटं बोललो. गाडी उघडलेली आहे. पंप बदललाय, पण गरम होतीये अजून. चूक माझीच आहे. उद्या येता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"कधीपर्यंत सांगता येईल?"

"सात."

"सातला फोन करा. सव्वासातला केलात तर आम्ही दुसरी सोय केलेली असेल. बाकीच्या तिघांना मी कळवते." आणि मग, "सांगितलंत ते बरं केलंत." हे वाक्य त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यात टोमणा आहे का, हे मी नंतर पुष्कळ दिवस शोधत होतो. नव्हता.

गाडी निवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. भाजत भाजत पाइप सोडले, पंखा काढला, रेडिएटर बाहेर ओढला. आक्का तो मळ्यात घेऊन चल म्हणाल्या. विहिरीवर आता विजेची मोटर होती. केळीच्या वाफ्यात रेडिएटर उलटा ठेवला. मोटरच्या नळीला चिंध्या गुंडाळून ती रेडिएटरच्या खालच्या तोंडात घट्ट बसवली, म्हणजे पाणी नेहमीच्या उलट्या दिशेनं आत शिरेल आणि अडकलेलं बाहेर ढकलेल.

"बेतानं सोड," आक्का म्हणाल्या. "एकदम सोडलंस तर जाळी फुटंल."

आधी काहीच आलं नाही. मग एक पिवळा गोळा बाहेर पडला, ओल्या मातीच्या ढेकळाएवढा. मग दुसरा. मग पिवळं पाणी, पुष्कळ पिवळं पाणी. केळीच्या बुडाशी ते पसरत गेलं. वास आला, आणि मी एकदम आमच्याकडच्या कढईपाशी होतो, आई वाफेत उभी, माझ्या हातात हळकुंडं हलवायचा झारा, आणि लांब कुठंतरी शाळेची घंटा. मी डोळे मिटले. आक्कांना वाटलं मला चक्कर येतीये.

"काय झालं रं?"

"काही नाही. आमच्या गावाकडं असाच वास येतो."

"मग तिकडनं आणायची हुतीस की हळद. माझी कशापायी संपवलीस?" त्या हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

पाणी पिवळ्याचं फिकं झालं, फिक्याचं पांढरं. रेडिएटर झटकला, धावत आणला, बसवला. दिवस मावळला होता, पण अजून दिसत होतं. पाणी भरून गाडी चालू केली आणि आक्काही पुढच्या सीटवर येऊन बसल्या. कालव्यापर्यंत गेलो. काटा अर्ध्यावर आला आणि तिथं बसला. मी पुढं गेलो, मुख्य रस्त्यापर्यंत, मग परत. काटा हलला नाही. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "नऊ वरसांत कधी बसवली न्हाईस मला गाडीत," एवढंच म्हणाल्या.

सातला दहा मिनिटं कमी असताना फोन केला. "येतो मॅडम." "बरं," म्हणाल्या.

सोमवारी सव्वानऊला मी पहिल्या थांब्यावर उभा होतो. सव्वादहाला चारही मुलं केंद्राच्या फाटकाशी उतरली. तीन तास मी गाडीपाशी होतो आणि दर अर्ध्या तासानं वाकून खाली थेंब दिसतो का बघत होतो. थेंब नव्हता. मुलं बाहेर आली. पेपर सोपा गेला म्हणाली. निबंधाला विषय काय आला होता, ते मी एकीला विचारून घेतलं आणि गाडी चालवत असताना मनातल्या मनात लिहून बघितला.

परीक्षा संपल्यावर गावी गेलो. येताना पाच किलो हळद आणली आणि आक्कांपुढं ठेवली. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. कुठली, म्हणून विचारलं. बाजारातली आहे, आईचं आता कामावर जाणं होत नाही, असं मी सांगितलं.

"मग ऱ्हाऊ दे. माझी हळद फुकटची नव्हती, मी कांडल्याली हुती. तुझ्या आईच्या हातनं घेईन मी. तिला घिऊन ये, न्हाई तर मला तिकडं घिऊन चल. म्हशीला बघाया कोण हाय तेवढं आदी ठरवू."

म्हशीचं ठरलं नाही. मग मालक गेले. मग मळ्याच्या जागी इमारत झाली, केळीचा वाफा तिच्या पार्किंगखाली आला. आक्का आता दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्टला घाबरतात, गुडघे धरून जिना उतरतात. माझी आईही थकली, तिला रात्रभराचा प्रवास सोसत नाही. दोघी एकमेकींची फोनवर चौकशी करतात आणि दोघी मला विचारतात, कधी. मी दोघींना सांगतो, या वेळी नक्की. आदल्या दिवशी कळवीन.

आक्का, गाडी आता नवी आहे, पंपाला काही झालेलं नाही, जाळी मी दर वर्षी धुतो. परवा तुमच्या जिन्यापासून गाडीच्या दारापर्यंतची पावलं मोजून ठेवली. पुढच्या सीटला मागं सरकवून बघितलं, गुडघे मोकळे राहतात. वाटेत चार ठिकाणी थांबू, तुम्ही म्हणाल तिथं मुक्काम करू. होळीच्या आसपास जाऊ, कढया पेटलेल्या असतात तेव्हा. आईनं शेरभर हळदीची एक पिशवी बाजूला काढून ठेवली आहे, बसल्या बसल्या खलबत्त्यात कुटलेली. ती तिच्या हातनं तुमच्या ओटीत पडेल. तेवढं मी करणार आहे, आक्का.